चावीच्या पाण्याची डाळ

चिमणाबाईच्या घरात नळ आला त्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घागर कमरेवर घेऊन रस्त्यावरच्या चावीवर पाणी भरायला हजर. आता हिला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

रस्त्यावरच्या सरकारी नळाला कोल्हापुरात चावी म्हणतात. तालमीमागच्या गल्लीतली चावी लिंबाच्या झाडाखाली होती. पहाटे साडेपाचला तिला पाणी यायचं, साडेसातला जायचं, आणि त्या दोन तासांत गल्लीवर राज्य असायचं ते चिमणाबाईचं. कुणाची घागर कुणामागं, कुणाकडं पावणं आलेत म्हणून तिला एक हंडा जादा, कुणी काल मधेच घुसली म्हणून आज तिचा नंबर शेवटी, सगळा कारभार तोंडी. जिला वेळेवर यायला जमायचं नाही ती जागा धरायला काहीतरी ठेवून जायची. दगड, फुटकी बादली, मोडकं सूप, काहीही. कुठला दगड कुणाचा हे चिमणाबाई अंधारातसुद्धा बिनचूक सांगायची. बावीस वर्षं ही चाकरी बिनपगारी चालली होती. त्याबद्दल पहिला नंबर कायम आपला, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं.

खरं म्हणाल तर पहिली यायची रोशनबी. गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायची, वाकळा शिवून पोट भरायची. तिचा नवरा हुसेन भांड्यांना कल्हई करायचा, तो वारल्यापासून एकटीच. पाच वाजता येऊन ती आपला कडी लावलेला डालड्याचा डबा चावीखाली ठेवायची आणि नमाज पढायला परत घरी जायची. तेवढ्यात चिमणाबाई यायची, डबा पायानं मागं सारायची आणि आपली घागर पुढं लावायची. रोशनबी परत आली की रोज तेच.

"आक्का, माझा डबा पुढं हुता."

"तुझा डबा चालत मागं गेला आसंल. मी काय केलं त्याला?"

बावीस वर्षांत एकीनं डबा पुढं ठेवायचं सोडलं नाही आणि दुसरीनं मागं सारायचं. मधल्या काळात चिमणाबाईचाही नवरा गेला, रोशनबीची जुलेखा लग्न होऊन जयसिंगपूरला गेली, चिमणाबाईचा कृष्णात शिरोलीच्या फौंड्रीत लागला. ही सगळी सुखदुःखं दोघींनी घागर भरेपर्यंतच्या वेळात एकमेकींना सांगितली होती. एकमेकींच्या घरात बसून कधी बोलल्या असतील तर शपथ.

तर नळाचं. कृष्णातनं तो दिवाळीच्या बोनसमधनं घेतला. लग्न होऊन वर्ष झालेलं, बायको मालन, तिच्या माहेरी घरातच नळ. "आमच्याकडं न्हाणीतच पाणी येतं" असं ती एकदाच म्हणाली होती, पण नवऱ्याला एकदा म्हटलेलं पुरतं. कृष्णातनं खटपट करून, अर्ज देऊन, प्लंबर पिराजीला हाताशी धरून थेट न्हाणीपर्यंत पाइप आणला. पितळी तोटी बसवली. पहिल्या दिवशी तोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी आल्यावर तो पोरासारखा हसला. आईच्या कमरेवरची घागर आपण उतरवली, असं त्याच्या मनात होतं. पोरगा गुणाचा होता हो, त्यात वाद नाही.

पण आई दुसऱ्या दिवशी चावीवर. तिसऱ्या दिवशीही चावीवर. महिना झाला तरी चावीवर.

"आई, घरात नळ आसताना तू चावीवर कशाला जातीस?" कृष्णातनं एक दिवस विचारलंच. "फौंड्रीत पोरं इचारत्यात, तुझा नळ नुसता शोभंचा हाय काय म्हणून."

चिमणाबाईला खरं कारण सांगता येईना. घरातला नळ पाणी द्यायचा, पण त्याच्याशी बोलणार काय? दिवसभर सून कामात, पोरगा फौंड्रीत. चावीवरचे दोन तास गेले तर गल्लीत आपल्याला कोण विचारणार? पण असलं काही पोराला सांगायची आपल्याकडं रीत नाही. म्हणून ती तोंडाला येईल ते बोलून गेली.

"तुझ्या नळाच्या पाण्यात डाळ शिजत न्हाय."

"काय?"

"न्हाय शिजत. टणक ऱ्हात्या. चावीच्या पाण्यात कशी लोण्यागत हुत्या."

"आगं, एकच पाइप हाय! रस्त्यातनं चावीला जातो त्योच आपल्या घरात आलाय."

"पाइप एक आसंल. पाणी येगळं हाय."

एकदा बोललेलं मागं घेईल ती चिमणाबाई कसली. उलट रोज त्यात भर पडू लागली. नळाच्या पाण्यानं चहा काळा होतो. नळाच्या पाण्यानं केस गळतात. शेजारची बनाबाई हे सगळं कानात साठवायची आणि संध्याकाळपर्यंत पेठेत पोचवायची. बनाबाईच्या पोटात गोष्ट राहिली असं कधी झालंच नाही. पंधरा दिवसांत अशी पाळी आली की ज्यांच्या घरात नळ होते त्या बायकासुद्धा आमटीपुरती एक तांब्या चावीवरनं नेऊ लागल्या. कृष्णातचा नळ पेठेत बदनाम झाला. पोराचं तोंड एवढंसं झालं.

शेवटी तो इरेला पेटला. "सोमवारी फौंड्रीला सुट्टी हाय," तो म्हणाला. "एक पातेलं चावीच्या पाण्यात, एक नळाच्या. डाळ एकाच पिशवीतली, स्टो दोन, घड्याळ माझं. चव बघायची ती रोशनमावशीनं. तिनं चावीची वळखून काढली तर मी परत तोंड उघडणार न्हाय. न्हाय वळखता आली, तर चावीवर जायचं बंद. बोल."

बनाबाई दारातच उभी होती. तिच्यासमोर न्हाय कसं म्हणायचं? चिमणाबाई म्हणाली, "व्हय. बघू की."

म्हणाली खरं, पण त्या रात्री तिला भाकरी गोड लागली नाही. कारण रोशनबीची जीभ. लग्नाकार्यात आचारी रश्श्यात मीठ घालण्याआधी रोशनबीला हाक मारायचे, इतकी तिची जीभ पारखी. आणि खोटं म्हणून बोलायची नाही. तालमीच्या वस्तादांच्या घरच्या पुरणाला करपट वास आलाय, हे तिनं भर पंगतीत वस्तादांच्या बायकोच्या तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चिमणाबाईनं चावीवर जरा चाचपून बघितलं.

"रोशनबी, सोमवारी जरा सांभाळून चव घे."

"जीभ काय सांभाळायची आक्का? लागंल ते सांगणार."

"तसं न्हवं. चावी आपली हाय, एवढं ध्यानात ठेव."

"डाळ बी आपलीच हाय की," रोशनबी म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली. झालं! चिमणाबाईनं ओळखलं, आपला कारभार सोमवारपर्यंतच.

सोमवार उजाडला. अजून नीट दिसतसुद्धा नव्हतं. चिमणाबाई चावीपाशी आली, डालड्याचा डबा जागेवर होता. सवयीप्रमाणं तो पायानं मागं सारून तिनं घागर पुढं ठेवली आणि तोटी सोडायला हात पुढं केला. हाताला काही लागलंच नाही. तिनं वाकून बघितलं. तोटी काढून नेली होती आणि पाइपाच्या तोंडाला लोखंडी बूच आवळलं होतं.

मागल्या महिन्यात पाणीखात्याचा एक माणूस वही घेऊन गल्लीतली घरं मोजून गेला होता. सगळ्या घरांत नळ आले की चावी बंद, असं काहीसं तो म्हणाला होता. कुणी मनावर घेतलं नव्हतं. रोशनबीची खोली ज्या घरात होती त्याचा मालक चंदगडला असायचा. त्या घरात नळ होता, पण मालकानं तोटीवर लोखंडी पेटी बसवून कुलूप घातलेलं. वहीत मात्र 'नळ आहे' अशी बरोबर खूण झाली. कागदावर रोशनबीच्या घरात पाणी वाहत होतं.

चिमणाबाई तिथंच लिंबाच्या पारावर बसली. दुसरी कुणी आली नाही, नळवाल्या बायका आताशा सावकाश यायच्या, आणि आज तर सगळ्या डाळीचा निकाल बघायला थेट तिच्याच दारात जमणार होत्या. तिला रडूच आलं. मग पदरानं तोंड पुसून ती विचार करू लागली. चावी बंद झाली हे कृष्णातला सांगितलं, तर तो म्हणणार, चला, विषय मिटला. डाळ नाही, चव नाही, आणि बावीस वर्षांची चावी अशीच बिनबोलता गेली. चावी गेली ती गेली, पण तिचं पाणी साधंच होतं असं म्हणवून घेऊन जाऊ नये. ती उठली. रिकामी घागर घेऊन घरी आली, दबकत न्हाणीत शिरली आणि नळाखाली घागर लावली.

मागं बघते तर दारात मालन.

सासू सुनेकडं बघते, सून घागरीकडं. पोरगी हुशार. पुढं झाली, तोटी जरा मोठी केली, आणि घागर भरल्यावर हात लावून ती सासूच्या कमरेवर ठेवली.

"चावीचं पाणी काय आत्ती?" तिनं विचारलं.

"व्हय," चिमणाबाई म्हणाली.

"मग पुढच्या दारानं या. मागच्या दारानं आल्यासारखं दिसाय नको."

म्हणजे दोन्ही घागरी एकाच नळाच्या. कृष्णात सात वाजता उठला आणि बिचारा मन लावून कामाला लागला. दोन सारखी पातेली, मापून डाळ, फुलपात्रानं मोजून पाणी. एक स्टो घरचा, एक बनाबाईचा. मनगटी घड्याळ काढून त्यानं समोर ठेवलं आणि फौंड्रीत भट्टीकडं बघावं तसा पातेल्यांकडं बघत बसला. डाळ शिजल्यावर दोन पितळी वाट्यांत काढली आणि वाटीखाली एकेक चिठ्ठी सरकवली. मीठ नाही, फोडणी नाही. बायका दारात, खिडकीत, कट्ट्यावर.

रोशनबी आली. हात धुतले, चूळ भरली, पाटावर बसली.

तिनं पहिल्या वाटीतली डाळ बोटानं जिभेवर घेतली आणि चिमणाबाईकडं बघितलं. मग चूळ भरून दुसऱ्या वाटीतली घेतली आणि पुन्हा चिमणाबाईकडं बघितलं. चिठ्ठी कुठली कुठं गेली हे चिमणाबाईनं पोराच्या खांद्यावरनं बघून ठेवलं होतं. दुसऱ्या वाटीच्या वेळी तिचा पदर आपोआप दातात गेला. बावीस वर्षं एकीच्या मागं एक उभं राहिल्यावर माणसाला दुसऱ्याच्या पदराचंसुद्धा कळतं.

"ही चावीची," रोशनबी म्हणाली. "लोण्यागत झालीया."

कृष्णातनं चिठ्ठी ओढली. 'चावी' लिहिलेलं होतं. त्यानं ती उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. बायकांनी एकच कालवा केला, आणि बनाबाई तर स्टो घ्यायचा विसरून पेठेत निघून गेली.

चिमणाबाईला मात्र हसू येईना. तिला एकदम तो डबा आठवला. पहाटे डबा जागेवर होता. म्हणजे रोशनबी तिच्या आधी तिथं येऊन गेली होती. तोटी नाही हे तिनं आधीच बघितलं होतं. आज चावीचं पाणी कुणाच्याच घरात आलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रोशनबी निघाली तशी चिमणाबाई तिच्यामागं लिंबापर्यंत गेली.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"दोन्ही वाट्यांत एकच पाणी हुतं."

"जिभंला बी कळलं ते."

"मग खोटं का बोललीस? वस्तादाच्या बायकूला सोडलं न्हाईस तू."

रोशनबीनं चावीपाशी राहिलेला डबा उचलला. "वस्तादाची बायकू माझ्यासंगं बावीस वर्षं पाण्याला हुती काय?" ती म्हणाली. "जाऊ दे आक्का. एकदा बोललो खोटं. अल्ला माफ करंल."

चिमणाबाईनं त्या रिकाम्या डब्याकडं बघितलं. "आता पाणी कुठनं भरणार तू?"

"तालमीच्या हिरीवरनं."

"त्या पायऱ्या तुझ्या गुडघ्याला झेपायच्या न्हाईत. माझ्या घरात ये की."

"एक दिवस बरं दिसतं. रोज उठून तुझ्या न्हाणीत? सुनंचं घर हाय, कधी पोराची आंघोळ चाललेली आसती. मी यायची न्हाय." आणि रिकामा डबा हलवत ती विहिरीच्या वाटेला लागलीसुद्धा. कुणाकडनं काही घ्यायचं म्हटलं की ही बाई हट्टी.

संध्याकाळी कृष्णात जेवायला बसला तो मान खाली घालून. शब्दाचा पक्का, नळाबद्दल चकार शब्द काढला नाही. न्हाणीतल्या तोटीकडं एकदा बघितलं आणि भाकरी मोडू लागला. चिमणाबाईला ते बघवेना. जिंकली होती ती, पण एका बाजूला पोराचं हे तोंड आणि दुसऱ्या बाजूला विहिरीच्या पायऱ्या चढणारी रोशनबी. असलं जिंकणं घेऊन करायचं काय?

"कृष्णात," ती म्हणाली, "दोन्ही घागरी तुझ्याच नळाच्या हुत्या."

घास हातातच राहिला. तिनं सगळं सांगितलं. बूच आवळलेली चावी, रिकामी घागर, डबा. "तुझ्या नळाच्या पाण्यात डाळ झ्याक शिजत्या. पहिल्या दिवसापासनं शिजत्या. मी लबाड बोललो."

कृष्णातनं बायकोकडं बघितलं. "तुला म्हाईत हुतं?"

"मी न्हाणीकडं बघितलंच न्हाय," मालन म्हणाली आणि आमटी वाढू लागली.

"म्हंजे मी जिकलो की," कृष्णात म्हणाला. महिनाभरानं त्याचा चेहरा उजळला. "आता बनाबाईला बोलवून सांगतो."

"सांगायचं न्हाय." चिमणाबाईनं त्याचं मनगट धरलं. "मी लबाड ठरलो तर ठरू दे. पर रोशनबी खोटं बोलली हे गल्लीत कळता कामा नये. तिची जीभ सोडली तर तिच्यापाशी दुसरं हाय काय? आन् नळ बाहेर काढ."

"बाहेर म्हंजे?"

"न्हाणीतला राहू दे. पिराजीला सांगून एक फाटा रस्त्याच्या भितीतनं बाहेर काढ. घरात यायला तिला लाज वाटत्या. रस्त्यावर न्हाय वाटायची."

कृष्णातनं हातातला घास परत ताटात ठेवला. एवढ्या खटपटीनं पाणी घरात आणलं आणि आई म्हणते रस्त्यावर ने. त्यात गल्लीच्या हिशेबी हरलेला तोच, जिंकूनसुद्धा. मग त्यानं सुस्कारा सोडला आणि आमटीचा भुरका मारला. "तोटी पितळीच बसवू," तो म्हणाला. "लोखंडी गंजत्या."

पिराजीनं चार दिवसांत काम उरकलं. पाचव्या दिवशी पहाटे कृष्णातच्या भिंतीखाली लाइन लागली. रोशनबीसाठी काढलेला नळ, पण आली सगळी गल्ली. ज्यांच्या घरात दोन-दोन नळ त्याही तांबे घेऊन आल्या, कारण रस्त्यावर आला की नळाची चावी झाली, आणि चावीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी होते हे खुद्द रोशनबीनं सांगितलेलं. कृष्णात दारात दात घासत उभा होता. त्याला बोलायचं पुष्कळ होतं, पण आईला शब्द दिलेला. तो चूळ भरून आत गेला.

मालनसुद्धा बाहेर येऊन हंडा पुढं लावायला लागली, तर सासूनं अडवलं.

"लायनीत ये."

"आवं आत्ती, नळ आपलाच हाय न्हवं?"

"आपला हाय म्हणूनच लायनीत."

चिमणाबाईची स्वतःची घागर अजून तिच्या कमरेवरच होती. तोटीखाली, सगळ्यांच्या पुढं, डालड्याचा डबा ठेवलेला होता. ठेवणारी नमाजाला गेलेली. चिमणाबाईचा पाय सवयीनं उचलला. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग तिनं तो खाली टेकवला आणि घागर डब्याच्या मागं ठेवली.

बनाबाईच्या नजरेतनं काही सुटायचं नाही. "चिमणाक्का, भित तुमची, नळ तुमचा, आन् घागर दोन नंबरला?"

"तिचा डबा आधी आलता," चिमणाबाई म्हणाली. "रोजच येतो."

रोशनबी डोक्यावरचा पदर सारखा करत आली. लांबूनच सुरुवात केली, "आक्का, माझा डबा पुढं..." आणि डब्याकडं बघून तिथंच थांबली.

"पुढंच हाय," चिमणाबाई म्हणाली. "भर आता लवकर. लायन खोळंबलीया."